टेपचा डाग आणि थिनरची घाई

कोयनेच्या शिवसागर जलाशयावर पावसाळ्यात पर्यटकांची ये-जा मंदावते. वासोट्याची वाट बंद असते, बामणोली आणि तापोळ्याच्या काठावर बोटी बांधून ठेवलेल्या असतात. समजा, अशाच एका बोटीत पाणी जाऊ नये म्हणून मालकाने वरून प्लास्टिकचा कागद टाकला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने खाकी टेप लावली. पुढच्या पारदर्शक काचेवरही टेपच्या दोन पट्ट्या आल्या. पाऊस सरला, ऑक्टोबरचे ऊन तापले, हंगाम तोंडावर आला. टेप ओढली तर वरचा पापुद्रा हातात आला आणि गोंद काचेवर तसाच राहिला. नखाने निघेना, पाण्याने निघेना. रंगकामासाठी आणलेली थिनरची बाटली शेजारीच होती. फडक्यावर थोडे थिनर घेऊन दोन हात मारले आणि डाग गेला.

बोटीची काच मात्र त्या दोन हातांत कायमची बिघडलेली असू शकते. ते लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी काचेत बारीक रेघांचे जाळे उमटते, आणि ते पुसून जात नाही. याचे कारण असे, की बोटीवरची ही काच बहुतेक वेळा काच नसतेच. ती अ‍ॅक्रिलिकची शीट असते. हातातले फडके आणि फडक्यातून नाकात जाणारी वाफ हा या गोष्टीचा दुसरा भाग. तो तर बोटीच्या काचेपेक्षाही महत्त्वाचा आहे.

काच की अ‍ॅक्रिलिक?

अ‍ॅक्रिलिकचे रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकात ते बाजारात आले. जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ आणि इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’ या नावांनी ते ओळखले जाऊ लागले. त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो, म्हणजे साध्या काचेइतकाच किंवा थोडा जास्तच. वजन मात्र काचेच्या निम्म्याहून कमी. फुटले तरी त्याच्या काचेसारख्या धारदार किरच्या उडत नाहीत, आणि तापवून त्याला हवा तसा बाक देता येतो. बोटीला हलके, न फुटणारे आणि वळणदार काही हवे असते, म्हणून तिथे अ‍ॅक्रिलिक आले.

ओळखायला सोपी खूण म्हणजे बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. काचेचा आवाज खणखणीत येतो, अ‍ॅक्रिलिकचा बद्द. सकाळच्या गारव्यात काच हाताला थंड लागते, अ‍ॅक्रिलिक तितके थंड लागत नाही. जुन्या शीटवर बारीक ओरखडे सहज दिसतात, कारण काचेपेक्षा हा पदार्थ खूपच मऊ आहे. हेल्मेटची पुढची पारदर्शक पट्टी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. तो प्लास्टिकचा वेगळा प्रकार असला, तरी थिनर आणि पेट्रोलपुढे त्याचीही गत तशीच होते. त्यामुळे सातारा-सांगली रस्त्यावर रोज दुचाकी चालवणाऱ्यांनीही पुढची माहिती आपली समजून वाचायला हरकत नाही.

गोंद उन्हात पिकतो

टेपचा गोंद हा अर्धा द्रव आणि अर्धा घन असा पदार्थ असतो. दाबला की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत वाहत जातो आणि ओढला की रबरासारखा ताणून धरतो. नवी टेप लगेच काढली तर हा गोंद टेपबरोबरच निघून येतो. पण आठवड्यामागून आठवडे ऊन लागले की त्यातल्या लांब साखळ्यांसारख्या रेणूंची एकमेकांशी गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन त्यांच्यात बदल करतो, आणि गोंद टेपला सोडून काचेला धरून बसतो. नव्या अ‍ॅक्रिलिक शीटवर कारखान्यातून येणारा संरक्षक कागद किंवा पातळ प्लास्टिकचा थरही असाच वागतो. ‘ओरखडे पडू नयेत, राहू दे थोडे दिवस’ म्हणून तो बोटीवर तसाच ठेवला आणि शीट उन्हात राहिली, तर पुढे तो तुकड्यातुकड्यांनी खरवडावा लागतो.

असा पिकलेला गोंद काढायचा तर त्याच्या रेणूंमध्ये शिरून त्यांना सैल करणारे काहीतरी लागते. समधर्मी पदार्थ एकमेकांत मिसळतात, हा रसायनशास्त्राचा जुना नियम इथे कामी येतो. तेल गोंदात हळूहळू मुरते आणि त्याला फुगवते. थिनर हेच काम काही सेकंदांत करते. अडचण अशी, की थिनरमधली टोल्यूइन, अ‍ॅसिटोन यांसारखी द्रव्ये गोंदात जितक्या सहज शिरतात, तितक्याच सहज अ‍ॅक्रिलिकमध्येही शिरतात. अ‍ॅक्रिलिकचे दोन तुकडे जोडायला कारागीर जे द्रव वापरतात, ते मुळात अ‍ॅक्रिलिक विरघळवणारेच असते. मग त्याच जातीच्या द्रवाने ते पुसायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

भेगा कुठून सुरू होतात?

बोटीवरची शीट निवांत पडलेली नसते. ती वाकवलेली असते, तिला भोके पाडून स्क्रूने आवळलेली असते. त्यामुळे तिच्यात आतून सतत ताण असतो. द्रावक आत शिरले की ताणाखाली असलेल्या रेणूंची पकड सुटते आणि असंख्य सूक्ष्म भेगा पडतात. याला ‘क्रेझिंग’ म्हणतात. स्क्रूच्या भोकांभोवती आणि कापलेल्या कडांशी ती आधी दिसते. थिनर किंवा अ‍ॅसिटोनच लागते असेही नाही. दवाखान्यातले स्पिरिट, सॅनिटायझर, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांनीही ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला असे तडे जाऊ शकतात. पेट्रोलने तर हमखास नुकसान होते. त्यात टोल्यूइनच्या कुळातली द्रव्ये असतात आणि आता इथेनॉलही मिसळलेले असते.

या भेगांचा खरा त्रास सूर्य समोर आल्यावर कळतो. संध्याकाळी जलाशयावरून परतताना ऊन तिरपे येते आणि पाण्यावरूनही उसळते. प्रत्येक सूक्ष्म भेग तो प्रकाश इकडेतिकडे फेकते, आणि चालवणाऱ्याला समोर पांढरा पडदा दिसतो. मोतीबिंदूचे रुग्ण नेमकी हीच तक्रार घेऊन येतात. दिवसा ठीक दिसते, पण रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की सगळे फुलून जाते, असे ते सांगतात. तिथे डोळ्यातले नैसर्गिक भिंग धूसर होऊन प्रकाश विखुरते, इथे बोटीची काच विखुरते. पाण्यातला खुंट, समोरून येणारी होडी किंवा पोहणारे माणूस उशिरा दिसणे हा त्याचा परिणाम असू शकतो. कांदाटी खोऱ्यातल्या गावांतून वर्षानुवर्षे आजारी माणसे लाँचमधूनच पलीकडे आणली गेली आहेत. तिथे चालवणाऱ्याला समोरचे स्वच्छ दिसणे ही केवळ हौसेची बाब नाही.

हेच अ‍ॅक्रिलिक डोळ्यातही

मोतीबिंदूशी या पदार्थाचे नाते फक्त उपमेपुरते नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झडप पर्स्पेक्सची असे. गोळीबारात ती फुटली की तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाला अशी इजा झाली. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की डोळ्यात राहिलेल्या या तुकड्यांना डोळा फारसा विरोध करत नाही, तो ते सोसतो. त्यावरून त्यांनी याच पदार्थाचे भिंग करून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते रुग्णाच्या डोळ्यात बसवले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात इथून झाली. आज मिरज-सांगलीत किंवा साताऱ्यात शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांच्या डोळ्यात जे भिंग बसते, ते अनेकदा याच अ‍ॅक्रिलिक कुळातले असते. कवळीचा गुलाबी भाग आणि सांध्याच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे ‘बोन सिमेंट’ही त्याच घराण्यातले. कवळी उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकू नये असे दंतवैद्य सांगतात, त्यामागचे कारणही आता लक्षात येईल.

डाग काढायचा कसा?

सर्वांत आधी भरपूर पाण्याने शीट धुवावी. काठावरची वाळू आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसली की तीच पॉलिश पेपरसारखी घासते. नंतर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून त्यात भिजवलेले मऊ सुती फडके डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे, उकळते नको. सैल झालेला गोंद अंगठ्याने गोल गोल चोळला की त्याच्या वळ्या होऊन सुटतात. उरलेल्या चिकट भागावर त्याच टेपचा ताजा तुकडा दाबून झटकन उचलावा. गोंदाला गोंद चिकटतो आणि बराचसा निघून येतो.

तरीही डाग राहिला तर खोबरेल किंवा खाण्याचे कुठलेही तेल लावावे आणि वाट पाहावी. अर्धा तास पुरला नाही तर तेलावर पातळ प्लास्टिकचा तुकडा पसरून काही तास ठेवावे. पिकलेल्या गोंदाला दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. मग मऊ झालेला थर फडक्याने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या गुळगुळीत कडेने सरकवावा. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण काढून टाकावे, नाहीतर धूळ बसून काच पुन्हा धूसर दिसते. ब्लेड, तारेची घासणी, राख आणि भांड्यांची पावडर यांना या कामात जागा नाही.

अ‍ॅक्रिलिक बनवणाऱ्या कंपन्या चिवट डागासाठी शेवटचा उपाय म्हणून रॉकेलसारखी द्रव्ये सुचवतात. रॉकेलचे रेणू अ‍ॅक्रिलिकमध्ये सहज मिसळत नाहीत. आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे, फडक्यावर चमचाभरच घ्यावे, काम उघड्यावर करावे आणि लगेच साबणाने धुवावे. तेलकट फडकी जलाशयात पिळू नयेत. कोयनेचे पूर्वेकडे सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा पुढे सांगलीच्या काठाने वाहते. एका फडक्याने नदी बिघडत नाही हे खरे, पण तो पायंडा पडू नये.

काचेला चालते, माणसाला नाही

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. एखादे द्रव शीटला सुरक्षित आहे, म्हणून ते माणसालाही सुरक्षित ठरत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात.

थिनर दोन्हीकडे वाईट. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते. वाकून काम करणारा मदतनीस, बहुतेक वेळा एखादा तरुण पोरगा, नेमका त्याच थरात श्वास घेत असतो. आधी डोके जड होते, मग गरगरते, मळमळते, दारू प्यायल्यासारखे वाटते. पाण्याच्या काठावर तोल जाण्याचा धोका वेगळा सांगायला नको. त्याच साचलेल्या वाफेला बॅटरीची ठिणगी किंवा बिडी पुरते, आणि भाजण्याचे अपघात अशाच क्षणी होतात. वर्षानुवर्षे रोज टोल्यूइनची वाफ घेणाऱ्यांच्या मेंदूवर, मज्जासंस्थेवर आणि श्रवणावरही परिणाम होतो. काही थिनरमध्ये मिथेनॉल असते. ते पोटात गेले तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

हेक्झेनची गोष्ट बोलकी आहे. अ‍ॅक्रिलिकला ते चालते. पण १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, स्नायू दुबळे झाले, चालणे अवघड झाले. कारण निघाले ते गोंदात वापरलेले हेक्झेन. शरीरात त्याचे रूपांतर होऊन तयार होणारा पदार्थ हातापायांच्या नसांना इजा करतो. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. भारत स्टेज ६ मानकानुसार ते १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते, तरीही बेंझीन हे रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारे द्रव्य आहे. म्हणून गॅरेजमध्ये किंवा बोटीवर पेट्रोलने हात धुण्याची सवय सोडलेली बरी. कुठलेही द्रावक त्वचेतला नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकते. मग हात कोरडे पडतात, भेगाळतात, खाजतात. हातमोजे घालावेत, आणि काम झाल्यावर साबणाने धुऊन खोबरेल लावावे.

रॉकेलचा धोका सर्वाधिक कुणाला असेल, तर तो घरातल्या लहान मुलाला. डाग काढून उरलेले रॉकेल किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून कोपऱ्यात ठेवले जाते. दीड-दोन वर्षांचे मूल ते पाणी समजून तोंडाला लावते. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा ठसका लागून फुप्फुसात शिरलेले रॉकेल जास्त घातक असते. एखादा घोटही पुरतो. त्याने फुप्फुसाला सूज येते आणि काही तासांत धाप लागू शकते. घाबरलेले घरचे लोक मुलाला मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करायला लावतात. हे मुळीच करू नये. उलटीबरोबर रॉकेल पुन्हा वर येते आणि श्वासनलिकेत जाण्याची आणखी एक संधी त्याला मिळते. दूधही पाजू नये. अंगावर सांडलेले कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी, आणि मूल हसत-खेळत असले तरी त्याला रुग्णालयात न्यावे. १०८ वर फोन करावा, आणि जी बाटली प्यायली ती बरोबर न्यावी. डोळ्यात थिनर उडाले तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. वाफेने गरगरले तर त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे. त्याला बोटीतून उचलायला उतरणाऱ्यानेही आधी स्वतःच्या श्वासाचा विचार करावा.

रुग्णालयातही हाच डाग

नवजात बाळांच्या कक्षातले इन्क्युबेटर आठवा. बाळ ज्या पारदर्शक पेटीत असते, तिचे आवरण सहसा अ‍ॅक्रिलिकचे असते. त्यावर नळ्या आणि कागद चिकटवले जातात, आणि टेप काढल्यावर गोंद राहतो. हाताशी स्पिरिटचा बोळा असतो. पण इन्क्युबेटर बनवणारे आपल्या माहितीपुस्तिकेत या आवरणावर स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन वापरू नये अशी सूचना देतात, ती याच भेगांमुळे. आवरण धूसर झाले तर बाळाचा बदलता रंग आणि त्याचा श्वास बाहेरून नीट दिसत नाही. तिथे पेटी रिकामी आणि बंद असताना साबणाचे पाणी आणि कंपनीने सांगितलेले जंतुनाशकच वापरायचे असते. तेलाचा उपाय मात्र तिथे नको, कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल पेट घेऊ शकते.

त्वचेवरच्या चिकटपट्टीचा प्रश्नही असाच आहे. सलाईनची पट्टी ओढून काढताना वयस्कर माणसाची कागदासारखी पातळ झालेली त्वचा पट्टीबरोबर सोलली जाते. घरी अशी पट्टी काढायची वेळ आली आणि जवळ ऑक्सिजन चालू नसेल, तर कडेला थोडे खोबरेल लावून पाच मिनिटे थांबावे. मग एका हाताने त्वचा दाबून धरत पट्टी त्वचेला समांतर हळूहळू मागे वळवावी. जखमेवर तेल जाऊ देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेवर तर स्पिरिट किंवा थिनरसारखे काहीही लावू नये. ती त्वचा इतकी कोवळी असते, की त्याने भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

बोटवाल्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय पावसाळ्याआधीचा आहे. प्लास्टिकचा कागद दोरीने बांधावा आणि टेप लावायचीच असेल तर ती बोटीच्या अंगाला लावावी, काचेला नाही. नव्या शीटवरचा संरक्षक थर ती बसवून झाली की लगेच काढावा. क्रमांकाचे आणि जाहिरातीचे स्टिकर काचेवर नकोत. आणि यंदा टेप राहिलीच असेल, तर हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी खोबरेलाची वाटी घेऊन बसावे. थिनर मात्र रंगाच्या डब्याशेजारी, झाकण घट्ट लावून, त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्यावे.